चार एमबीचे दार आणि दीड जीबीची बंडी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ग्रामपंचायतीपर्यंत फायबर आले, जिल्हा परिषदेच्या शाळेत वीस संगणकांची खोली सजली, आपले सरकारचे केंद्र सुरू झाले. तरी दुपारी बाराला सातबारा उघडायचा म्हटले की पडद्यावर नुसते चक्र फिरत राहते. विदर्भातल्या कोणत्याही तालुक्यात ही तक्रार ऐकायला मिळते आणि तिच्यावरचे उत्तरही ठरलेले असते : लाइन वाढवून घ्या. लाइन वाढवायला आमची हरकत नाही. पण पुष्कळ ठिकाणी कोपऱ्यात प्रॉक्सीचा डबा आधीच बसलेला असतो, त्याचे बिल कधीच निघालेले असते, दिवा लुकलुकत असतो, आणि डबा मात्र काडीचे काम करत नसतो. मोठ्या फाइलींचे काय करायचे हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. मुख्याध्यापक, ग्रामसेवक, केंद्रचालक आणि ‘सेटिंग करून देणारा पोरगा’ अशा चौघांनीही वाचावे म्हणून हे पत्र जरा लांबले आहे. जागा द्यावी, ही विनंती.

प्रॉक्सी म्हणजे सगळ्या संगणकांच्या वतीने बाहेर जाऊन फाइल आणणारा एकच संगणक. आणलेल्या फाइलीची एक प्रत तो आपल्या कोठीत टाकतो. दुसऱ्याने तीच मागितली की बाहेर न जाता कोठीतून काढून देतो. ही कोठी म्हणजे कॅश. फायदा कुठे होतो ते आकड्यातच पाहावे. वीस संगणकांना ७०० एमबीचे एकच अपडेट हवे आहे आणि लाइन २० एमबीपीएसची आहे. एमबीपीएस हे बिटांचे माप, फाइल बाइटांत मोजतात, म्हणून आठाने भागायचे : सेकंदाला अडीच एमबी. वीस जणांनी वेगवेगळे ओढले तर १४ जीबी, म्हणजे साधारण ९३ मिनिटे, आणि तीही दुसऱ्या कोणी लाइनीला हात लावला नाही तर. एकदाच ओढले तर २८० सेकंद, पाच मिनिटांच्या आत. पुढचे सगळे वाटप खोलीतल्या खोलीत : संगणकांच्या केबली जोडणारा स्विच जुना, १०० एमबीपीएसचा असला तरी १९ मिनिटांत उरकते. (वीसही संगणक एकाच वायफायवर असतील तर हा शेवटचा हिशोब विसरा. केबल टाका.)

आता गफलत कुठे होते ते. बहुतेक डब्यांत स्क्विड नावाचे मुक्त सॉफ्टवेअर असते. १९९६ पासून चालत आलेले, उत्तम, फुकट. त्यात कोठीत ठेवायच्या फाइलीच्या आकाराची मूळ मर्यादा ४ एमबी आहे. डायलअपच्या काळात ४ एमबी म्हणजे चिक्कार. आज शाळेच्या वार्षिकांकाची पीडीएफही त्यात मावत नाही. मर्यादेपेक्षा मोठी फाइल प्रॉक्सी आणून देते, पण ठेवत नाही. त्यामुळे एक-दोन केबीची चिन्हे, बटणे, लहान चित्रे कोठीत हारीने लावलेली आणि ज्या ७०० एमबीने लाइन तुंबते ती फाइल वीस वेळा बाहेरून. दुसरी गंमत अशी, की अलीकडच्या आवृत्त्यांत डिस्कवरची कोठी मुळात बंदच असते. कोठीची ओळ तुम्ही स्वतः लिहीपर्यंत स्क्विड फक्त २५६ एमबी रॅममध्ये, तीही ५१२ केबीपर्यंतचीच फाइल धरून ठेवते. भारनियमन झाले की तेही गेले.

हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही, अ‍ॅक्सेस लॉग (डब्याची नोंदवही) उघडायचा. प्रत्येक मागणीची एक ओळ असते. पहिला रकाना वेळेचा लांबलचक आकडा, दुसरा किती मिलिसेकंद लागली, तिसरा कोणत्या संगणकाने मागितले, चौथा निकाल, पाचवा किती बाइट, सहावा मागणीचा प्रकार, सातवा पत्ता. पाचव्या रकान्यावर उतरत्या क्रमाने ओळी लावल्या की लाइन कोण खातो ते वरच्या वीस ओळींत दिसते. समजा तिथे ७३४००३२०० हा आकडा (बरोबर ७०० एमबी) एकाच पत्त्यासमोर अकरा वेळा आला आणि दर वेळी चौथ्या रकान्यात ‘टीसीपी मिस’ (कोठीत नव्हती, बाहेरून आणली) असेल, तर तुमचा डबा नुसता हमाल आहे. पहिल्या ओळीत ‘मिस’ आणि खालच्या दहांत ‘टीसीपी हिट’ (कोठीतून दिली) दिसले पाहिजे. चौथ्या रकान्यात तिरप्या रेघेनंतर २०० (अख्ख्या फाइलीचे उत्तर) ऐवजी २०६ दिसत असेल तर भानगड वेगळी आहे, तिच्याकडे पुढे येतो.

सेटिंग फाइलीतल्या ओळींची नावे इथे उच्चाराप्रमाणे देत आहोत. फाइलीत ती इंग्रजी अक्षरांत, शब्दांमध्ये अंडरस्कोअर देऊन लिहायची.

पहिली ओळ ‘मॅक्झिमम ऑब्जेक्ट साइज’. शाळेसाठी १५०० एमबी ठेवावी असे आमचे मत आहे. पण किती ठेवली यापेक्षा ती कुठे लिहिली याला जास्त महत्त्व आहे. ती ‘कॅश डिर’च्या (कोठी कुठे आणि केवढी ते सांगणाऱ्या) ओळींच्या वर असावी. खाली लिहिली तर वरच्या कोठीला जुनी ४ एमबीचीच मर्यादा लागून राहते, स्क्विड कुरकुरही करत नाही, आणि ‘आम्ही तर मर्यादा वाढवली होती’ असे म्हणणारा मनुष्य खरेच बोलत असतो. याच एका चुकीने जितके डबे निकामी बसले आहेत तितके वीज पडूनही बसले नसतील.

दुसरी गोष्ट, कोठ्या दोन करा. सगळे एकाच कोठीत टाकले तर काय होते? कोठी भरल्यावर नवीन माल यायचा तर जुना काढावा लागतो. दीड जीबीची एक फाइल आत आली की १५ केबीच्या एक लाखाहून जास्त लहान फाइली बाहेर पडतात. म्हणजे कापसाची एक बंडी बोळीत घुसली आणि गावभरच्या सायकली गटारात गेल्या. म्हणून लहानांची कोठी वेगळी, मोठ्यांची वेगळी. ‘कॅश डिर’च्या ओळीत प्रकार (एयूएफएस चालेल), फोल्डरचा पत्ता, आकार, मग १६ आणि २५६ हे उपफोल्डरांचे आकडे, आणि शेवटी ‘मॅक्स-साइज’, ‘मिन-साइज’ लिहिता येते. लहानांसाठी आकार ४०००, मॅक्स-साइज १०४८५७६. मोठ्यांसाठी आकार ६००००, मिन-साइज १०४८५७७, मॅक्स-साइज १६१०६१२७३६. ज्या कोठीची मॅक्स-साइज लहान, तिची ओळ आधी. लक्षात घ्या, कोठीचा आकार एमबीत लिहायचा आणि मिन-मॅक्स बाइटांत. ‘साठ जीबी हवी’ म्हणून नुसते ६० लिहिले की कोठी होते साठ एमबीची, आणि मग ७०० एमबीची फाइल तिच्यात का राहत नाही यावर दोन दिवस डोकेफोड.

जुना माल काढायचा नियमही कोठीगणिक वेगळा ठेवता येतो. ‘कॅश रिप्लेसमेंट पॉलिसी’ ही ओळ तिच्या खालच्या कोठ्यांना लागू होते, म्हणून प्रत्येक कोठीच्या वर तिचा नियम. लहानांसाठी ‘हीप जीडीएसएफ’ : लहान आणि वरचेवर मागितल्या जाणाऱ्या फाइली टिकतात. मोठ्यांसाठी ‘हीप एलएफयूडीए’ : आकार न पाहता जिला मागणी आहे ती टिकते. मूळ नियम असतो एलआरयू, ज्यात सगळ्यात जास्त दिवस न मागितलेली फाइल आधी जाते. महिनाभर पडून राहून मग एकाच सकाळी वीस जणांना लागणाऱ्या फाइलींसाठी तो कामाचा नाही.

डिस्क किती आणि रॅम किती हा प्रश्न नेहमी येतो. डिस्कच्या ज्या पार्टिशनवर (स्वतंत्र भागावर) कोठी आहे त्याच्या ८० टक्क्यांहून जास्त जागा तिला देऊ नका. स्क्विडची यादी ठेवणारी ‘स्वॅप डॉट स्टेट’ फाइल आणि तात्पुरता फुगवटा यांना जागा लागते. कोठी आणि लॉग एकाच पार्टिशनवर कधीच नको. लॉग फुगून डिस्क भरली की स्क्विड बसते आणि सगळे गाव म्हणते इंटरनेट गेले. ६४-बिट यंत्रावर १ जीबी कोठीमागे सुमारे १४ एमबी रॅम यादीसाठी लागते असा ठोकताळा आहे. त्याने ६४ जीबीला ९०० एमबीच्या आसपास रॅम होते. मात्र हा ठोकताळा लहान-लहान फाइली धरून केलेला आहे. यादी फाइलींच्या संख्येवर वाढते, आकारावर नाही. मोठ्यांच्या कोठीत काही हजारच फाइली मावतात, म्हणून प्रत्यक्षात फार कमी लागते. ४ जीबी रॅमचा, कोणी भंगारात काढलेला संगणक या कामाला पुरतो. नवीन सर्व्हरचे दरपत्रक कोणी पुढे केले तर आधी हा आकडा दाखवा.

आता त्या २०६ कडे. विंडोजचे अपडेट अख्खी फाइल एका दमात मागत नाही, तुकड्या-तुकड्याने मागते. २०६ म्हणजे तुकड्याचे उत्तर. स्क्विड तुकडे साठवत नाही. साठवायची तर अख्खी फाइल, नाहीतर काही नाही. यावर उपाय ‘रेंज ऑफसेट लिमिट’ : ही ओळ विंडोज अपडेटच्या पत्त्यांपुरती ‘नन’ (मर्यादा नाही) केली की कोणी मधला तुकडा मागितला तरी प्रॉक्सी सुरुवातीपासून फाइल ओढायला लागते आणि पुरी झाली की कोठीत टाकते. सोबत ‘क्विक अबॉर्ट मिन’ उणे एक करायला सांगतात, म्हणजे मागणारा मध्येच निघून गेला तरी ओढणे थांबत नाही. सल्ला बरोबर आहे. पण अर्धवट पाळला तर विष आहे. समजा आकाराची मर्यादा ५०० एमबी आहे आणि फाइल ७०० एमबीची. संगणकाने ६५० व्या एमबीचा तुकडा मागितला. तो एक एमबी द्यायला प्रॉक्सी आधीचे ६५० एमबी ओढते, फाइल मर्यादेबाहेरची म्हणून ठेवत नाही, फेकून देते. पुढच्या तुकड्याला पुन्हा पहिल्यापासून. वीस संगणक असेच करत असतील तर महिन्याचा डेटा दुपारपर्यंत संपतो, आणि लाइनवाल्याला शिव्या बसतात. तेव्हा हे दोन आकडे नेहमी जोडीने ठरवा : ज्या पत्त्यांना रेंजची सूट दिली, त्यांची सगळ्यात मोठी फाइल आकाराच्या मर्यादेत बसलीच पाहिजे. बसत नसेल तर सूट देऊच नका.

ती सूट सगळ्या जगाला तर मुळीच नको. ‘क्विक अबॉर्ट मिन’ची ओळ सरसकट लागते, आणि मग कोणी पोराने गेमची फाइल सुरू करून दोन सेकंदांत खिडकी बंद केली तरी डबा ती पुरी ओढत बसतो. घेणारा कोणी नाही, लाइन मात्र भरलेली. अशा भुताटकीच्या डाउनलोडांची लॉगमध्ये ओळ दिसते, माणूस सापडत नाही. मूळ सेटिंग उलट टोकाची आहे : मिन १६ केबी, मॅक्स १६ केबी, टक्केवारी ९५. ती पाहून वाटते की ९५ टक्के झाले असेल तर फाइल पुरी होईल. होत नाही. स्क्विड आधी मिन पाहते (त्याहून कमी बाकी असेल तर पुरी करते), मग मॅक्स (त्याहून जास्त बाकी असेल तर सोडते), टक्केवारी शेवटी. १६ केबीहून जास्त बाकी असले की मॅक्सपाशीच निकाल लागतो आणि टक्केवारीची पाळी येतच नाही. ज्या ठिकाणी विंडोज अपडेटसाठी रेंजची सूट वापरायची नाही तिथे आम्ही मिन शून्य, मॅक्स १०० एमबी, टक्केवारी ७० सुचवतो. ३०० एमबीची फाइल ७० टक्क्यांच्या पुढे गेल्यावर सोडून दिली तर उरलेले नव्वदेक एमबी पुरे करून ठेवते. ६० टक्क्यांवर सोडली तर १२० एमबी बाकी राहतात, तिथेच थांबते.

अपडेटच्या बाबतीत तारीख माहीत असणे हे निम्मे काम आहे. मायक्रोसॉफ्टचे मासिक अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अमेरिकेत सकाळी निघते. आपल्याकडे तेव्हा मंगळवारची रात्र, ऋतूप्रमाणे साडेदहा किंवा साडेअकरा. बुधवारी शाळा उघडली, वीस संगणक सुरू झाले, की वीसही जण एकदम त्याच्यामागे लागतात. ‘बुधवारी नेट मरते’ हा गावातला अनुभव म्हणजे अंधश्रद्धा नव्हे. उपाय बिनपैशाचा : त्या बुधवारी पहाटे एकच संगणक सुरू करून त्याच्यावर अपडेट पुरे होऊ द्यायचे. कोठी भरते, बाकीचे एकोणीस तिथूनच घेतात. बाहेर पहिल्या मागणीचे उत्तर सुरू व्हायच्या आधीच दुसऱ्या चौघांनी तेच मागितले तर स्क्विड पाच वेगळ्या फेऱ्या मारते. ‘कोलॅप्स्ड फॉरवर्डिंग’ ऑन केले की ते चौघे पहिल्याच्या रांगेत उभे राहतात. मूळ सेटिंगमध्ये हे बंद असते.

विंडोज १० आणि ११ मध्ये ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ हीही सोय आहे : एकाने घेतलेले अपडेट शेजारच्या संगणकाने त्याच्याकडून घ्यायचे. विंडोज अपडेटच्या प्रगत पर्यायांत जाऊन फक्त स्थानिक नेटवर्कवरच्या संगणकांकडून घेण्याची परवानगी द्यावी, इंटरनेटवरच्यांकडून नको. संगणकांनी एकमेकांशी ७६८० या पोर्टवर बोलले पाहिजे. वायफायच्या डब्यात क्लायंट आयसोलेशन (जोडलेल्या संगणकांना एकमेकांपासून तोडणारी सोय) चालू असेल तर ते बोलतच नाहीत. शिवाय ४ जीबीहून कमी रॅमचा संगणक आपणहून इतरांना वाटत नाही. जिथे विंडोजशिवाय दुसरे काही नाही तिथे आधी हे करून पाहा. प्रॉक्सी न बसवताच भागले तर उत्तमच. नवी अख्खी आवृत्ती काही जीबींची असते. वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुण्यासाठी कोठी मोठी करण्यात अर्थ नाही. ती तालुक्याहून पेनड्राइव्हवर आणा. पेनड्राइव्हचे फॉरमॅट एफएटी३२ असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल घेणार नाही, एक्सफॅट किंवा एनटीएफएस करून घ्या.

विंडोजऐवजी उबुंटू किंवा डेबियन (फुकट लिनक्स) वापरणाऱ्या शाळांचे काम सोपे. त्यांची पॅकेजे (सॉफ्टवेअरचे गठ्ठे, डॉट डेब फाइली) साध्या, कुलूप नसलेल्या एचटीटीपीवरून येतात, अख्खी येतात, आणि आवृत्ती बदलली की फाइलीचे नावही बदलते. म्हणून ‘रिफ्रेश पॅटर्न’मध्ये (फाइल किती काळ ताजी धरायची ते सांगणाऱ्या ओळीत) डॉट डेब फाइलींना १२९६००, १०० टक्के, १२९६०० असे बिनधास्त लिहावे. आकडे मिनिटांचे आहेत. नव्वद दिवस होतात. ही ओळ सगळ्यांना लागू होणाऱ्या ‘डॉट’च्या ओळीच्या वर हवी, कारण जी ओळ आधी जुळते तीच चालते. पॅकेजांच्या याद्यांना मात्र असे धरून ठेवायचे नाही. जुनी यादी आणि नवी पॅकेजे असा मेळ बसला की ‘हॅश सम मिसमॅच’ येते, आणि मुले संगणक बिघडला म्हणून सोडून देतात.

इतके सांगून झाल्यावर एक अप्रिय गोष्ट सांगावीच लागेल. आज बहुतेक संकेतस्थळे एचटीटीपीएसवर, म्हणजे कुलूपबंद जोडणीवर आहेत. व्हिडिओ, व्हॉट्सअ‍ॅप, सरकारी पोर्टल, बँक, सगळे. तिथे प्रॉक्सीला फक्त बंद नळी दिसते. लॉगमध्ये ‘टीसीपी टनेल’ असे येते आणि कोठीत काही पडत नाही. कोठीचे आकडे कितीही नीट लावा, दिवसभरच्या व्हिडिओंवर तिचा शून्य परिणाम. यावर ‘एसएसएल बंप’ नावाचा उपाय काही कंत्राटदार विकतात : प्रत्येक संगणकावर आपले प्रमाणपत्र टाकायचे आणि मध्ये बसून कुलूपबंद मजकूर उघडायचा. हे करू देऊ नका. ज्या संगणकावर कास्तकाराचा आधार क्रमांक, बँकेचा पासवर्ड आणि ओटीपी टाकला जातो तिथे मधला डबा सगळे उघडे वाचू शकेल, आणि त्या डब्याची किल्ली कोणाकडे आहे हे वर्षभराने कोणालाच सांगता येणार नाही. वर पुष्कळशी मोबाइल अ‍ॅप्स ते प्रमाणपत्र मानतच नाहीत, बंदच पडतात.

मग व्हिडिओंचे काय? जे वर्गात सगळ्यांना दाखवायचे आहे ते संस्थेने किंवा शिक्षकाने परवानगी असलेल्या ठिकाणाहून एकदा रात्री उतरवावे आणि त्याच डब्यावर साध्या वेब सर्व्हरच्या फोल्डरमध्ये ठेवावे. मुले खोलीतल्या पत्त्यावरून पाहतील, बाहेर एक बाइट जाणार नाही. मराठी विकिपीडिया किविक्सवर (ऑफलाइन वाचनाच्या फुकट सॉफ्टवेअरवर) अख्खा ऑफलाइन मिळतो, तोही त्याच डब्यावर ठेवा. त्यासाठी ना कोठी लागते, ना रेंज, ना अबॉर्ट.

आणि जे थांबवता येत नाही, साठवताही येत नाही, त्याला हळू करायचे. ‘रिप्लाय बॉडी मॅक्स साइज’ लावून मोठ्या फाइली सरळ नाकारण्याची पद्धत आम्हाला आवडत नाही. फाइलीचा आकार आधी कळला तर निदान ‘फार मोठी’ अशी पाटी दिसते. नाही कळला तर मर्यादेपर्यंत ओढून मध्येच तुटते, म्हणजे डेटाही गेला आणि फाइलही गेली. शिवाय नळीतल्या एचटीटीपीएसला ती लागत नाही. वेगाला लगाम घालणारे ‘डिले पूल’ चांगले. दुसऱ्या वर्गाचा (क्लास २) पूल घ्यावा, एकूण मर्यादा ‘नन’, प्रत्येक संगणकाला १०२४००/१०४८५७६०. अर्थ असा : पहिले १० एमबी पूर्ण वेगाने, त्यापुढे सेकंदाला १०० केबी. सातबारा, अर्ज, निकाल यांना काही कळतही नाही, कारण ते १० एमबीत उरकतात. मोठे ओढणारा मात्र बैलगाडीच्या चालीवर येतो. वीस गुणिले १०० केबी म्हणजे सुमारे २ एमबी. अडीचमधला अर्धा एमबी कायम मोकळा राहतो. इथे आकडे बाइटांचे आहेत, बिटांचे समजून भरले तर आठपट ढिले सुटतात. नळीतल्या वाहतुकीलाही हे लागू होते, आणि कोठीतून जाणाऱ्या फाइलींना लागत नाही, हे दोन्ही आपल्या सोयीचे.

शाळेच्या वेळेपुरतेच लावायचे तर वेळेची अट घालता येते. वारांची अक्षरे जपून : गुरुवार एच, शनिवार ए, रविवार एस. मंगळवार आणि गुरुवार दोन्हींना टी लिहिणारे बरेच भेटतात. वेळ मध्यरात्र ओलांडत नाही. रात्री दहा ते सकाळी सहा असे एका ओळीत लिहिता येत नाही, दोन तुकडे करावे लागतात.

आपल्याकडची खास अडचण विजेची. स्क्विड नीट बंद झाली तर आपली यादी जागेवर लिहून ठेवते. लाइट खटकन गेली की पुढच्या वेळी तिला कोठीतली फाइल अन् फाइल चाळून यादी पुन्हा उभी करावी लागते, आणि तोवर डिस्क घरघरत राहते, सगळे मंद चालते. यूपीएस घेतानाच असा घ्या की बॅटरी संपत आल्याचे यूएसबीने संगणकाला कळेल. बंद होताना स्क्विड चालू असलेल्या कामांना ३० सेकंद देते, त्यानंतर यंत्र बंद होईल. तेव्हा निदान तीन-चार मिनिटे शिल्लक असतानाच इशारा मिळावा. डबा टिनाच्या छताखाली नको. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना बंद कपाटातली हार्ड डिस्क ६० अंशांच्या वर सहज जाते, आणि बहुतेक डिस्कांची वापराची हद्द तिथे संपते.

कोठी भरली म्हणून फोल्डरमधल्या फाइली हाताने उडवणे हा एक आवडता उद्योग आहे. यादीत नोंद राहते, फाइल जागेवर नसते. लॉगमध्ये ‘टीसीपी स्वॅपफेल मिस’च्या ओळी येतात. कोठी भरू द्या, ९० ते ९५ टक्क्यांच्या दरम्यान ती स्वतःच जुना माल काढते. अगदीच रिकामी करायची तर स्क्विड बंद करा, फोल्डर साफ करा, स्क्विडच्या कमांडला ‘हायफन झेड’ देऊन उपफोल्डर पुन्हा तयार करा, मग सुरू करा. सेटिंगमध्ये काहीही बदल केला की आधी ‘हायफन के पार्स’ने तपासून घ्या. शुक्रवारी संध्याकाळी तर बदल करूच नका.

शेवटी बिलाबद्दल. कंत्राटदार अहवालात ‘हिट रेशो’ दाखवतो. तो मागण्यांचा आहे की बाइटांचा, हे विचारा. शंभरातल्या चाळीस मागण्या कोठीतून गेल्या, पण त्या सगळ्या बटणांच्या असतील तर वाचलेला डेटा चहाच्या पैशाइतका. स्क्विडच्या माहितीपानावर दोन्ही आकडे पाच आणि साठ मिनिटांचे दिलेले असतात. त्याहून सोपी परीक्षा अशी : दोन संगणकांवरून लागोपाठ उबुंटूचे ‘लिनक्स-फर्मवेअर’ हे काहीशे एमबीचे पॅकेज उतरवायला लावा. पहिल्याला लाइनीच्या वेगाने वेळ लागेल. दुसऱ्याला ते खोलीच्या वेगाने मिळाले आणि लॉगमध्ये ‘टीसीपी हिट’ आले, तरच सही करा. सेटिंग फाइलीची छापील प्रत कपाटाच्या दाराला आतून चिकटवून घ्या आणि डब्याचा पासवर्ड बंद पाकिटात मुख्याध्यापकांच्या ताब्यात द्यायला लावा. कंत्राट संपले की पोरगा पुण्याला निघून जातो आणि डबा इथेच राहतो.

कळावे,

आपले,
नेटवर्क देखभालीचे काम करणारे दोन वाचक,
दारव्हा, जि. यवतमाळ